तुळया मोजल्या, कुलूप नाही विचारलं

सोलापुरात बाळीवेशीजवळच्या एका बोळात मी दोन वर्षांपूर्वी एक पडका वाडा घेतला. मागच्या दोन खणांचं धाबं पावसानं बसलेलं, भिंतीत पिंपळ, परसात कमरेएवढं गवत. मालक पुण्यात. त्यांच्या वतीनं बोलणारा एजंट पहिल्याच दिवशी म्हणाला, "मामा, आहे त्या स्थितीत घ्यायचं. नंतर किरकिर नको." मला त्यात काही खुपलं नाही. मला जागा हवी होती, आणि आतल्या सागवानी तुळया.

इसार आणि खरेदी यांच्या मधल्या काळात पडक्या घरातलं लाकूड गायब होतं, हे मी बऱ्याच जणांकडून ऐकलं होतं. म्हणून मिस्त्रीला घेऊन गेलो. 14 तुळया, दोन कोरीव चौकटी, एक दिंडी दरवाजा. सगळ्यांचे फोटो काढले, यादी साठेखताला, म्हणजे खरेदीआधीच्या कराराला, जोडली. स्वतःवर जाम खूश होतो. खरेदीच्या दिवशी एकूण एक तुळई जागेवर होती!

रस्त्याच्या बाजूला एक गाळा होता, कुलूपबंद. "आमचीच अडगळ आहे, खरेदी झाली की किल्ली देतो," एजंट म्हणाला. बायकोनं तिथंच विचारलं, "बाकी सगळी कुलपं गंजलेली, ह्यालाच तेल कुणी घातलं?" शिवाय वाड्याची वीज कधीच तोडलेली, पण गाळ्याच्या मीटरवरचा दिवा लुकलुकत होता. मी तिला म्हटलं, तुझं आपलं काहीतरीच.

खरेदीनंतर आठव्या दिवशी एका माणसानं ते कुलूप उघडलं आणि आत शिलाई मशीन पुसायला बसला. आई आजारी म्हणून दोन महिने गावी होता. गाळा त्याच्या वडिलांनी 1978 साली भाड्यानं घेतलेला, महिना 90 रुपये. पावत्यांचा गठ्ठा त्यानं माझ्यासमोर ठेवला. माणूस भला, त्यानं मला फसवलेलं नाही, हे आधी लिहून ठेवतो.

मी एजंटला फोन केला. तो हसला. "वाड्याला पालिकेची 264 ची नोटीस आहे ना? धोकादायक इमारत. पाडून टाका, भाडेकरू आपोआप जातो." खरं सांगायचं तर मलाही ते क्षणभर पटलं होतं. वकिलांनी जमिनीवर आणलं. इमारत पाडली म्हणून भाडेहक्क संपत नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा 2014 चा निकाल आहे. भाडेकरूनं गाळ्यापुरता मनाई हुकूमही आणला.

मग मालकावर दावा? 1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याप्रमाणे विकणाऱ्यानं हक्कातला दोष सांगायलाच हवा, "आहे त्या स्थितीत" म्हटल्यानं तो सहजासहजी सुटत नाही. पण साध्या काळजीनं जो दोष खरेदीदाराला कळला असता, त्याचं काय? शिवाय जागेत जो प्रत्यक्ष बसलेला आहे, त्याच्या हक्काची माहिती घेणाऱ्याला होती असंच कायदा धरून चालतो. वकिलांनी विचारलं, "कुलूप दिसलं होतं ना तुम्हाला?" खरेदीखतात तर माझ्याच सहीखाली वाक्य आहे: जागा प्रत्यक्ष पाहून, खात्री करून ताबा घेतला. दावा लावलाय. तारखा पडतायत.

मी नोंदणी कार्यालयातल्या व्यवहारांचा 30 वर्षांचा सर्च रिपोर्ट काढला होता, मालमत्ता पत्रकही. दोन्ही स्वच्छ. पण जुनं तोंडी भाडं नोंदणी कार्यालयात येतच नाही, मग सर्चमध्ये दिसणार कुठून? ते दिसलं महापालिकेच्या कर आकारणीच्या उताऱ्यात, भोगवटादाराच्या रकान्यात, शिंप्याच्या वडिलांच्या नावानं. तो उतारा मी खरेदीनंतर काढला. मीटर कुणाच्या नावावर आहे तेही नंतरच विचारलं, आणि समोरच्या किराणावाल्याशी तर गाळा उघडल्यावर बोललो. तो म्हणाला, "तुम्ही विचारलंच नाही." पडकं घर घेणाऱ्यांनो, प्रत्येक खोली इसार द्यायच्या आधी उघडून घ्या. उघडत नसेल तर इसार खिशातच राहू द्या.

मागचा भाग मी उतरवला, तुळया विकल्या. दीड लाख येतील म्हणाला होता एजंट. वाळवी निघाली, 60 हजार आले. पुढं गाळा तसाच उभा आहे.

परवा माझ्या फोनवर 270 रुपये जमा झाले. तीन महिन्यांचं भाडं. खाली मेसेज होता: काका, पावती द्या.