कॉर्व्हेट घ्यावी की केमन?

बे एरियात पंचेचाळिशी ओलांडलेल्या मराठी माणसाला दोन सीटची गाडी घ्यायची हुक्की आली, की यादीतली नावं गळत गळत शेवटी दोनच उरतात. एक शेवरोलेची सी-८, म्हणजे आठव्या पिढीची, कॉर्व्हेट, दुसरी पोर्शेची ७१८ केमन. खरं तर कॉर्व्हेटवाल्यांना आपली बरोबरी पोर्शेच्याच महागड्या ९११ शी व्हावी असं वाटतं, आणि केमनवाल्यांनाही मनातून ९११ च हवी असते. पण खिसा चाचपला की गाठ या दोघींचीच पडते. दोघींचं इंजिन सीटच्या मागे आणि मागच्या चाकांच्या पुढे, आणि दोघी रोज ऑफिसला नेता येतात. मी या फेऱ्यातून जाऊन आलो आहे. आकडे फारसे सांगत नाही, ते तुमचे पाठ झालेले असणार.

मी बोलतोय ते कॉर्व्हेटचं मूळ मॉडेल म्हणजे स्टिंगरे, तीही झेड-५१ हे जोमदार चालवण्यासाठीचं पॅकेज घेतलेली, आणि केमनची जीटीएस ४.० यांच्याबद्दल. चार सिलिंडरची केमन मी यात धरतच नाही. २०१६ मध्ये पोर्शेने केमनचं सहा सिलिंडरचं इंजिन काढून चार सिलिंडरचं टर्बो बसवलं. गाडी पळायला लागली, पण आवाज ऐकून लोकांना जपानी सुबारू गाडी आठवायला लागली. २०२० च्या सुरुवातीला जीटीएसमध्ये टर्बो नसलेलं, चार लीटरचं, सहा सिलिंडरचं इंजिन परत आलं. घ्यायची तर तीच. कॉर्व्हेटची जास्त ताकदीची झेड-०६ हा वेगळाच प्राणी आहे आणि वेगळ्याच पैशांचा, म्हणून तीही बाजूला ठेवू.

आधी कॉर्व्हेटचं जे श्रेय आहे ते मोकळेपणाने देऊन टाकतो.

इंजिन मध्यभागी असलेली कॉर्व्हेट व्हावी म्हणून झोरा अर्कस-डन्टव्ह हा जनरल मोटर्सचा, म्हणजे शेवरोलेच्या मालक कंपनीचा, इंजिनिअर १९६० पासून प्रायोगिक गाड्या बनवत होता. तो १९९६ मध्ये गेला. गाडी लोकांसमोर आली ती जुलै २०१९ मध्ये, आणि किंमत जाहीर झाली ६० हजार डॉलरला पाच डॉलर कमी. त्याच सुमारास जीटीएस ४.० ची अमेरिकेतली किंमत ८६ हजारांच्या पुढे सुरू होत होती. त्यात पोर्शेची ऑप्शनची यादी म्हणजे लग्नाच्या हॉलचं बिल, एकेक ओळ वाढतच जाते. पैशाला काय मिळतं एवढाच हिशेब असेल, तर पुढचं वाचायची गरज नाही. कॉर्व्हेट घ्या, सुखी व्हाल.

शिवाय लांबच्या प्रवासाला ती जास्त चांगली आहे, हे केमनचा मालक म्हणून मला सांगावंच लागेल. रस्त्याप्रमाणे मऊ-कडक होणारं मॅग्नेटिक सस्पेन्शन असलेली सी-८ आय-५ हायवेवरून लॉस एंजेलिसला अशी जाते की पलीकडे उतरल्यावर पाठीला पत्ता नसतो. केमनचे टायर आपल्याकडच्या रेघा मारलेल्या काँक्रीट फ्रीवेवर गातात. ८८० फ्रीवेवर तर इतके, की फोनवर बोलणाऱ्याला वाटतं आपण खिडकी उघडी ठेवली आहे. नाक वर उचलायची सोयही कॉर्व्हेटमध्ये ऑप्शन म्हणून मिळते. पुढचा भाग जवळपास ४० मिलिमीटर वर येतो, आणि कुठे उचलायचा ते गाडी जीपीएसवरून लक्षात ठेवते, अशा हजार जागा. तुमच्या घराच्या ड्राइव्हवेचा उतार तीव्र असेल, तर ही चैन नाही, गरज आहे.

कॉर्व्हेटच्या आठ सिलिंडरच्या व्ही-८ इंजिनबद्दल नवीन काय सांगणार! पाय ठेवला की सगळं तिथल्या तिथे, वाट बघणं नाही. केमनच्या इंजिनाला आधी विनवावं लागतं. मिनिटाला चार हजार फेऱ्यांच्या वर गेलं की ते जागं होतं, आणि मग ७८०० पर्यंत जो सूर चढत जातो तो ऐकण्यासाठी मी वाकडी वाट करून घरी येतो. कोणता आवाज चांगला, हा ज्याच्या त्याच्या कानाचा प्रश्न. कॉर्व्हेटचा आवाज शेजाऱ्यांनाही ऐकू जातो, केमनचा बराचसा आत बसलेल्यांच्या वाट्याला येतो. सकाळी सहाला निघणाऱ्याने याचा विचार करावा.

थोडं विषयांतर. मी गाडी बघतोय असं पुण्याला फोनवर सांगितलं, तर मोठ्या काकांनी विचारलं, ‘शेवरोले म्हणजे तवेरावाली ना?’ त्यांचं काही चुकलं नाही. तळेगावच्या कारखान्यातून स्पार्क आणि बीट बाहेर पडताना आपण पाहिल्या, एसटी चुकली की तवेरात दाटीवाटीने बसून गाव गाठलं, आणि २०१७ अखेर कंपनीने भारतात गाड्या विकणं थांबवलं. आता तळेगावचा तो कारखानाही ह्युंदाईकडे गेला. त्यामुळे शेवरोलेच्या त्या सोनेरी बो-टायच्या खुणेकडे बघून आपल्या पिढीच्या मराठी माणसाच्या मनात नेमकं काय येतं, हे अमेरिकन मित्राला समजावून सांगणं अवघड आहे. केमन घेतली म्हटल्यावर काका म्हणाले, ‘पोर्शे का, वा!’ आणि पहिला प्रश्न आला ॲव्हरेजचा.

गिअरबॉक्सकडे येऊ. सी-८ मॅन्युअल मिळतच नाही. आठ गिअरचा, आपोआप गिअर बदलणारा ड्युअल क्लच आहे आणि तो झकास आहे, इतका की ट्रॅफिकमध्ये मला त्याचा हेवा वाटतो. केमनमध्ये सहा गिअरचा मॅन्युअल मिळतो. त्याचा दांडा असा बसतो, की सिग्नलला उगाच न्यूट्रलमधून पहिल्यात आणि परत न्यूट्रलमध्ये टाकायची सवय लागते. पण इथे केमनची एक खोड सांगायलाच हवी, कारण विकणारा ती सांगणार नाही. गिअर फार लांब आहेत. दुसरा गिअर एकटाच ताशी ८० मैलांच्या पुढे जातो. डोंगरमाथ्यावरच्या स्कायलाइन रस्त्यावर किंवा हायवे ८४ वरून ला होंडाकडे उतरताना अख्खा घाट दुसऱ्या-तिसऱ्यात संपतो, आणि ज्या दांड्यासाठी मॅन्युअल घेतली तो हातात यायला निमित्त शोधावं लागतं. पीडीकेमध्ये, म्हणजे पोर्शेच्या ऑटोमॅटिक ड्युअल क्लचमध्ये, हा त्रास तितका जाणवत नाही. हे ऐकून तुम्ही पीडीके घेतलीत तर मी वाद घालणार नाही. मी मात्र मॅन्युअलच घेतली.

वळणांवर दोघींचा स्वभाव वेगळा आहे. कॉर्व्हेटची पकड जबरदस्त आहे आणि आपली चूक झाली तरी ती माफ करते. पण ती रुंद आहे, केमनपेक्षा पाच इंच. कागदावर पाच इंच म्हणजे काहीच नाही. लिव्हरमोरच्या मागे माइन्स रोडवर समोरून पिकअप ट्रक आला, की त्या पाच इंचांची किंमत कळते. वजनातही दोनशे किलोच्या पुढे फरक आहे. केमन रस्त्याच्या आपल्या बाजूला राहूनसुद्धा थोडी जागा शिल्लक ठेवते, आणि त्या शिल्लक जागेतच चालवण्याची खरी गंमत असते. मोजमाप माझ्याकडे नाही. एवढं मात्र सांगतो, की मित्राची सी-८ घेऊन स्कायलाइनवरून आलो तेव्हा गाडी फार भारी आहे असं वाटलं, आणि केमन घेऊन आलो तेव्हा मी बरा चालवतो असं वाटलं.

आता ज्यावरून माझा निर्णय झाला, त्या गोष्टीकडे येतो. ती वेगाची नाही, आवाजाची नाही, पैशांची तर नाहीच.

सी-८ च्या आत बसलात, की उजव्या हाताला एक लांबलचक उंच कणा दिसतो. स्क्रीनच्या कडेपासून निघून दोन सीटच्या मध्ये थेट कोपरापर्यंत उतरत येतो, आणि एसीची, सीट गरम-गार करायची बटणं त्यावर एका ओळीत बसवलेली आहेत. चालवणाऱ्याला लढाऊ विमानात बसल्यासारखं वाटावं हा त्यामागचा हेतू, आणि तो शंभर टक्के साधतो. एकट्याने चालवताना मला ते फार आवडलं. सगळं आपल्याकडे वळलेलं, आपल्यासाठी मांडलेलं.

मग शेजारी बायको बसली. हाफ मून बेपर्यंत जाऊन यायचं ठरलं होतं. तो कणा तिच्या बाजूने शेताच्या बांधासारखा दिसतो, आणि बांध घालताना मोजणी एकट्या ड्रायव्हरने केलेली आहे. कपहोल्डर बांधाच्या अलीकडे, ड्रायव्हरच्या हद्दीत. ड्राइव्ह मोडची कळ ड्रायव्हरच्या हद्दीत. तिच्या वाट्याला पाय ठेवायची जागा आणि दाराचा खण. पाण्याची बाटली ठेवायची तर हात बांधावरून पलीकडे न्यायचा, आणि नेताना मनगट एखाद्या बटणावर पडायचं. हायवे ९२ वर डोंगर उतरत होतो तेव्हा तिने डब्यातली वडी पुढे केली. मला ती न बघता घेता येईना, आणि तिला माझा हात दिसेना. थोड्या वेळाने ती म्हणाली, ‘तुझ्या बाजूचं ते तुझं, आणि मधलं ते पण तुझंच, असं दिसतंय.’ रागाने नाही, नुसतं निरीक्षण म्हणून. पण परतीच्या वाटेवर आम्ही कमी बोललो, हे मात्र खरं.

हे वाचून कुणी म्हणेल, एवढ्यावरून कुणी गाडी ठरवतं का? मीही आधी तेच म्हणालो. मग विचार केला, की ही गाडी घेऊन मी जातो कुठे? ट्रॅकवर क्वचित. लगुना सेकाच्या रेस ट्रॅकवर बऱ्याच दिवशी आवाजाची मर्यादा ९० डेसिबलच्या आसपास असते, तिथे तर दोघींनाही जपूनच न्यावं लागतं. बाकी सगळं म्हणजे शनिवारी सकाळी पेस्काडेरो, कधी मॉन्टरे, कधी ॲलिसेस रेस्टॉरंटला नाश्ता आणि बाकीच्यांच्या गाड्या बघत उभं राहणं. यातल्या जवळजवळ प्रत्येक वेळी शेजारची सीट रिकामी नसते. दोन सीटच्या गाडीतली दुसरी सीट म्हणजे अर्धी गाडी. तिथल्या माणसाला पाहुणा केलं, तर काही महिन्यांनी ते माणूस घरीच थांबतं, आणि मग गाडीही गॅरेजमध्येच थांबते.

केमनच्या आत भपका काही नाही. डॅशबोर्ड जुन्या वळणाचा आहे, आणि मधली बटणं दोघांनाही सारखीच जवळ आणि सारखीच दूर. कपहोल्डर डॅशबोर्डच्या पट्टीतून उघडून बाहेर येतात. ते इतके नाजूक दिसतात की मोठी कॉफी ठेवताना जीव वर-खाली होतो. पण ते दोघांच्या हाताशी आहेत. डब्यातली वडी इकडून तिकडे विनाअडथळा जाते.

सामानाचं म्हणाल तर दोघींनाही पुढे-मागे अशा दोन डिक्या आहेत, आणि केमनची जागा थोडी जास्त आहे. कॉर्व्हेटचं छप्पर काढून ठेवता येतं हे मोठंच सुख, पण काढलेलं छप्पर मागच्या डिकीत जातं, तेव्हा सुट्टीवर जाताना छप्पर किंवा बॅगा यातलं एक निवडा. मागच्या डिकीला इंजिनची ऊब दोघींमध्ये लागते. इंडियन ग्रोसरीतून श्रीखंड आणाल तर पुढे ठेवा. इंजिन दाखवायची हौस असेल, तर कॉर्व्हेटचं काचेखाली छान मांडून ठेवलेलं असतं. केमनचं दिसतच नाही. मागची डिकी उघडली की तेल आणि कूलंट भरायची दोन झाकणं तेवढी दिसतात, आणि पाहुणे विचारतात, ‘अरे, इंजिन कुठाय?’

इथे प्रामाणिकपणे एक गोष्ट सांगितली पाहिजे. २०२६ च्या मॉडेलपासून कॉर्व्हेटने आतली मांडणी बदलली. तीन स्क्रीन आल्या आणि बटणांची ती लांब ओळ गेली. म्हणजे तुम्ही नवीकोरी घेणार असाल, तर माझा मुख्य मुद्दा बराचसा निकालात निघतो, आणि तेव्हा तुमचं मत माझ्यापेक्षा वेगळं झालं तर मला आश्चर्य वाटणार नाही. २०२० ते २०२५ मधली वापरलेली बघत असाल, आणि बहुतेक जण तीच बघतात, तर बांध आहे तिथेच आहे. आणि तिसरं पेडल, म्हणजे क्लच, कुठल्याच वर्षाच्या सी-८ मध्ये नाही.

केमनचं उलट आहे. पेट्रोलवरची ७१८ ऑक्टोबर २०२५ मध्ये बंद झाली, तेव्हा आता जी मिळेल ती बाजारात आहे तेवढ्यातलीच. मॅन्युअल जीटीएस ४.० चे मालक गाडी सहजी सोडत नाहीत, आणि सोडली तर भावात घासाघीस करू देत नाहीत. कंपनीच्या सर्टिफाइड यादीत मिळाली तर जरा जास्त पैसे द्यायला हरकत नाही. क्लच फार वर पकडत असेल तर आधीचा मालक काय करत होता ते विचारा. टायरच्या आतल्या कडा हात घालून बघा, वरून त्या चांगल्याच दिसतात. आणि दोन्हीपैकी कुठलीही बघायला जाल तेव्हा परतीची निम्मी वाट चावी दुसऱ्याच्या हातात द्या आणि तुम्ही शेजारच्या सीटवर बसून या.