‘सन’ की ‘हेरल्ड’? न्यूयॉर्कचे दोन स्वस्त पेपर

न्यूयॉर्कचे जुने पेपर ६ सेंटांचे आणि व्यापाऱ्यांसाठीचे: जहाजं, बाजारभाव, पक्षांची भांडणं. ३ सप्टेंबर १८३३ ला बेंजामिन डे या छापखानेवाल्याने ‘सन’ काढला, १ सेंटला. आत काय, तर पोलीस कोर्टातली दारूबाजी आणि नवरा-बायकोची मारामारी. डेची खरी हुशारी विक्रीत होती. पेपर टाकणाऱ्यांना १०० अंक रोखीने ६७ सेंटांना. वर्गणी थकण्याची कटकटच नाही. १८३५ मध्ये याच ‘सन’ने चंद्रावर पंखवाली माणसं दिसल्याचं ठोकून दिलं आणि लोकांनी ते चवीने वाचलं.

त्याच वर्षी मे महिन्यात जेम्स गॉर्डन बेनेटने वॉल स्ट्रीटवरच्या तळघरात, पिठाच्या पिंपांवर फळी टाकून ‘हेरल्ड’ सुरू केला. किंमत तीच. पण हा गडी स्वतः बातमीमागे धावायचा. १८३६ मध्ये न्यूयॉर्कमधल्या हेलन ज्युएट या वेश्येचा खून झाला, तर थेट तिच्या खोलीत जाऊन आला आणि प्रेताचं वर्णन छापलं. बीभत्सच म्हणायचं! शिवाय पैशाच्या बाजाराचं सदर, म्हणजे दलालही गिऱ्हाईक. पुढे त्याने किंमत २ सेंट केली, तरी पेपर तरला.

स्वस्ताईचा मान ‘सन’चा. बातमीदारीत मात्र माझं मत बेनेटला, त्याच्या आगाऊपणासकट.