साधा शंट की अँटिबायोटिकवाला?

मेंदूत पाणी साठलंय, व्हीपी शंट, म्हणजे ते पाणी पोटात सोडणारी नळी, टाकायचाय म्हटलं की घरचे ऑपरेशनलाच घाबरतात, पण खरी काळजी नंतरच्या इन्फेक्शनची. जंतू बहुतेकदा पेशंटच्या त्वचेवरचेच, स्टॅफिलोकोकस, ऑपरेशनच्या वेळी नळीला चिकटतात आणि वर बुळबुळीत थर धरतात, मग सलाईनमधून कितीही औषध द्या, त्या थरात ते नीट पोचतच नाही.

साधी सिलिकॉनची नळी स्वस्त, आणि पाणी वाहून न्यायच्या कामात ती कुठेच कमी नाही. दुसरीत रिफॅम्पिसिन आणि क्लिंडामायसिन ही अँटिबायोटिकं मुरवलेली असतात, ती हळूहळू सुटत राहतात, म्हणजे सुरुवातीच्या धोक्याच्या काळात जंतूंना बसायला जागाच मिळत नाही. ब्रिटन आणि आयर्लंडमधे १६०५ पेशंटवर बेसिक्स नावाची ट्रायल झाली, २०१९ला लॅन्सेटमधे आली, साध्या नळीत इन्फेक्शन ६ टक्के, अँटिबायोटिकवालीत २. चांदीवाली नळीपण होती, तिचेही ६च, त्यामुळे तिच्यासाठी जास्त पैसे घालू नका.

माझं मत स्पष्ट आहे, जमत असेल तर अँटिबायोटिकवालीच घ्या, तान्ह्या बाळाला तर नक्कीच. कारण इन्फेक्शन झालं की सहसा शंट काढा, बाहेरून ड्रेन लावा, आयसीयू, अँटिबायोटिक, पाणी स्वच्छ झालं की परत नवा शंट, या सगळ्यापुढे नळीचा फरक काहीच नाही. नळी ब्लॉक व्हायचा धोका मात्र दोन्हीत राहतोच. आणि कुठलीही टाकली तरी ताप, उलट्या, बाळाची सतत किरकिर, पोटदुखी, नळीच्या वाटेवर लाली किंवा टाक्यातून पाणी दिसलं तर सकाळची वाट बघू नका, त्याच रात्री न्यूरोसर्जनकडे न्या.