हेड पूर्ण पोर्ट करायचं की नुसतं सीट आणि बाऊलचं काम? दोन्ही चालवून पाहिलंय

माझी २२० पल्सर, कार्बवाली (कार्ब्युरेटरची). हेड म्हणजे इंजिनचा वरचा भाग, पोर्ट म्हणजे त्यातली हवा-पेट्रोल आत यायची (इनटेक) आणि धूर बाहेर जायची (एक्झॉस्ट) वाट, सीट म्हणजे व्हॉल्व्ह मिटताना टेकतो ती कडा, आणि बाऊल म्हणजे सीटच्या लगतची पोर्टची पोकळी. तिला मी दोन्ही हेडं लावून चालवलीत, एक पूर्ण पोर्ट-पॉलिश केलेलं, म्हणजे पोर्ट घासून मोठे आणि गुळगुळीत केलेलं, आणि दुसरं नुसतं सीट कटिंग करून बाऊल साफ केलेलं, बाकी कॅम (व्हॉल्व्ह उघडतो तो), पिस्टन, फिल्टर सगळं कंपनीचंच. डायनोवर (पॉवर मोजायच्या मशीनवर) नाही नेली, जे सांगतोय ते रोज हडपसर-सासवड करताना जाणवलेलं, त्यामुळे तुमच्या गाडीत थोडं इकडेतिकडे होऊ शकतं.

पूर्ण पोर्टवालं आधी केलं, एका ट्यूनरकडून. इनटेक आरशासारखा चकचकीत, हातात घेतलं की बघतच राहावं असं काम. आणि वरच्या आरपीएमला खरंच फरक पडतो, सोलापूर रोडला यवतच्या पुढे रस्ता मोकळा मिळाला की साडेसहा-सात हजाराच्या वर गाडी जी सुटते ती स्टॉक हेडवर कधीच सुटली नव्हती. ते श्रेय द्यायलाच पाहिजे.

पण दिवेघाट. संध्याकाळी घरी येताना पुढे टँकर, मी दुसऱ्या गिअरवर, तीन-साडेतीन हजारला, टँकर वळणावर जरा बाजूला झाला की रेस द्यायची आणि गाडी अर्धा सेकंद बसायची. एकदम दम गेल्यासारखी. मग झटक्यात पळायची, मागे बायको, ती दर वेळी खांदा घट्ट धरायची. कार्बमधला पायलट जेट बदलला, नीडलखाली वॉशर टाकला, म्हणजे पेट्रोलचं प्रमाण बदलून पाहिलं, कमी झालं पण गेलं नाही, आणि ते जाणारही नव्हतं, कारण पोर्ट मोठा केला की कमी आरपीएमला त्यातून जाणाऱ्या हवेचा वेगच पडतो, पेट्रोलचे थेंब हवेत न राहता भिंतीला चिकटतात, आणि भिंत गुळगुळीत असली तर अजूनच फिल्म धरते. जेट बदलून हवेचा वेग कसा वाढणार? पॉलिश करायचंच तर एक्झॉस्टला करा, तिथे कार्बन कमी धरतो, इनटेकला ८० नंबरच्या एमरीची खरखर राहिलेली बरी.

नंतर हेड काढून करंगळी आत घातली तेव्हा अजून एक कळलं. हवा जिथे वळून व्हॉल्व्हकडे उतरते तिथली खालची गोलाई घासून जवळपास कडा झाली होती. हवा अशा कडेवरून वळत नाही, सुटते. घासायचं तर वरच्या बाजूने, खाली हात लावायचा नाही, आणि एकदा गेलेलं अॅल्युमिनियम सहजासहजी परत येत नाही.

दुसरं हेड रविवारी जुन्या बाजारातून आणलं आणि बोअरिंगवाल्याकडे दिलं. तीन अँगलची सीट, ३०-४५-६० अंश, व्हॉल्व्ह टेकतो ती पट्टी साधारण एक मिलिमीटर. सीटखाली कास्टिंगची जी पायरी राहते ती एमरी रोलने मिसळून घेतली, व्हॉल्व्हची दांडी ज्यात सरकते त्या गाईडचा उंचवटा थोडा निमुळता केला, बस. फिट करायच्या आधी पोर्टमध्ये पेट्रोल भरून दहा मिनिटं चेंबरकडून (जिथे पेट्रोल जळतं त्या बाजूने) गळतंय का बघत बसलो, दोन्ही व्हॉल्व्ह कोरडे ठाक. पहिल्या हेडवर हीच टेस्ट केली तर एक्झॉस्टच्या कडेला ओली रेघ आली होती, म्हणजे पोर्टवर एवढी मेहनत आणि सीट तशीच सोडलेली. व्हॉल्व्ह उघडताना आणि मिटताना बराच वेळ थोडासाच उचललेला असतो आणि तेव्हा सगळ्यात अरुंद जागा सीटचीच असते, म्हणून माझ्या मते पहिले पैसे तिथे जावेत.

हे दुसरं हेड वरच्या आरपीएमला पहिल्याएवढं पळत नाही, थोडं कमीच. पण तीन हजारापासून एकसारखं ओढतं, घाटात क्लच धरावा लागत नाही, आणि खर्च पहिल्याच्या जवळपास चौथा हिस्सा.

तुमची गाडी चेन्नई-कोइम्बतूरला ट्रॅकवर जाणार असेल, मोठा कॅम आणि मोठा कार्ब बसवणार असाल, तर पूर्ण पोर्टच करा, तिथे तीन हजारला कोण चालवतंय. रोजची गाडी असेल तर मी तरी सीट-बाऊलच सांगेन. पहिलं हेड तेल लावून माळ्यावर ठेवलंय, एका मित्राच्या ट्रॅकच्या गाडीसाठी द्यायचं ठरलंय, फक्त त्याआधी त्याचीही सीट नीट कापून घेणार.