मुख्याध्यापकाची वही, भिंतीवरचा तक्ता आणि गूगल कॅलेंडर : नऊ महिन्यांच्या वापरानंतर

मुख्याध्यापकाचा वेळ वाचवण्यासाठी केलेली ही मांडणी साधीच आहे. दोनशे पानी लांब रजिस्टर, ऑफिसच्या भिंतीवर वर्षभराचा तक्ता आणि मोबाइलमधलं गूगल कॅलेंडर. वापर जुलै ते मार्च. शाळा नागपूर शहरातली, अनुदानित, पाचवी ते दहावी. अठरा शिक्षक, एक पर्यवेक्षक, दोन लिपिक. यापेक्षा लहान किंवा दोन पाळ्यांच्या शाळेत काय अडतं, ते पुढे येईलच.

निकाल आधीच सांगून टाकतो. तक्ता सगळ्यात कामाचा ठरला, वही टिकली, कॅलेंडर निम्मंच उपयोगी पडलं. आणि ज्या चार खणांच्या चौकटीसाठी हा सगळा खटाटोप मांडला होता, ती दीड महिन्यात मोडावी लागली.

चौकट बहुतेकांना माहीत असते: काम तातडीचं आहे की नाही आणि महत्त्वाचं आहे की नाही, यावरून ते चारपैकी एका खणात टाकायचं. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी 1954 साली इव्हॅन्स्टनच्या भाषणात तातडीचं आणि महत्त्वाचं यांत फरक केला, तिथून ती आली. प्रशिक्षणात फळ्यावर फार छान दिसते. शाळेत मात्र पंधरा दिवसांत पहिला खण, म्हणजे तातडीचं आणि महत्त्वाचं, ओसंडून वाहायला लागतो. पोषण आहाराची रोजची नोंद तातडीची, पगारपत्रक तातडीचं, बोर्डाचं पत्र तातडीचं, गुडघा फुटलेला पोरगा तर आहेच. दुसऱ्या खणात रोज त्याच तीन ओळी उतरतात: पाठ निरीक्षण, नववीतल्या कच्च्या मुलांचं वाचन, शाळा विकास आराखडा. एकच ओळ सलग आठ दिवस उतरवली जात असेल, तर ते काम ठरलेलंच नाही असं समजावं. चौथा खण ‘सोडून द्या’चा. सरकारी पत्रव्यवहारात सोडून देण्यासारखं काही नसतं. माहिती नसली तरी ‘निरंक’ असं लिहून पाठवावंच लागतं. त्यामुळे तो खण नऊ महिने कोराच राहिला असता.

त्याऐवजी वहीच्या उजव्या पानावर तीन रकाने पाडले. पहिला ‘माझंच डोकं’, दुसरा ‘माझी फक्त सही’, तिसरा ‘सहीही नको’. हे वर्गीकरण कामाच्या महत्त्वावर होत नाही, काम कुणाच्या हातून व्हायचं यावर होतं, आणि शाळेत खरी अडचण तीच असते. बिलं, बोनाफाईड, रजेचे अर्ज, शालार्थ या ऑनलाइन पगारप्रणालीतली वेतन देयकं हे सगळं दुसऱ्या रकान्यात. त्यांची एक सह्यांची फाइल, आणि ती टेबलावर दिवसातून दोनदाच येते: दुसरी तासिका संपल्यावर आणि शेवटच्या तासिकेत. मधे कुणी ‘सर, एकच सही पाहिजे होती’ म्हणत आलं तर कागद फाइलीत जातो. पहिले आठ दिवस लिपिकांना हे फार जड जातं. नंतर त्यांचाही जीव सुटतो, कारण साहेब कुठे आहेत हे बघत फिरावं लागत नाही. एक पथ्य मात्र पाळावं. फाइल समोर आली की सगळ्या सह्या तिथल्या तिथे कराव्यात. एक कागद ‘नंतर बघू’ म्हणून बाजूला ठेवला की आठवड्यात पूर्वीचा ढीग परत उभा राहतो.

वहीचं डावं पान वेळेचं. आठ तासिकांच्या आठ ओळी, प्रत्येकीचे वीस-वीस मिनिटांचे दोन भाग, प्रत्येक भागात एक अक्षर: ‘शै’ म्हणजे शिकवण्याशी थेट संबंध, ‘प्र’ म्हणजे प्रशासन, ‘अ’ म्हणजे अडथळा. संध्याकाळी आठवून भरलेलं पान हमखास खोटं निघतं. माणसाला स्वतःचे मोठे काम केलेले अर्धे तास आठवतात, दारात उभ्याने गेलेली सात-सात मिनिटं आठवत नाहीत. अमेरिकेत केंटकीतल्या लुईव्हिल शहरात 2002 पासून जी पद्धत सुरू झाली, तिच्यात एक माणूस पाच दिवस मुख्याध्यापकामागे फिरून दर पाच मिनिटांची नोंद करतो. आपल्याकडे इतका मोकळा माणूस मिळणं कठीण. पण दाराबाहेरच्या शिपायाजवळ कागद दिला आणि ‘कोण आलं, कशाला आलं’ एवढ्यावर काड्या मारायला सांगितलं, तरी दोन आठवड्यांत चित्र स्पष्ट होतं. ही मोजणी दोनच आठवडे करायची, मग थेट जानेवारीत पुन्हा. वर्षभर चालवली तर काड्या मारणं हेच एक काम होऊन बसतं.

काड्यांची गर्दी दोन ठिकाणी होते: दाखले-बोनाफाईड आणि बदली तासिका, म्हणजे रजेवरच्या शिक्षकाच्या तासाला दुसऱ्याला पाठवणं. दाखल्यात वेळ जातो तो सहीला नाही, जनरल रजिस्टरमधली, म्हणजे प्रवेशाच्या मूळ वहीतली, नोंद शोधण्यात. पालकाला रजिस्टर नंबर माहीत नसतो, सोडल्याचं वर्ष अंदाजे सांगतो, आणि लिपिक तीन जाड रजिस्टरं उलथीपालथी करतो. खिडकीवर अर्ध्या पानाचा छापील अर्ज ठेवला, त्यात मुलाचं पूर्ण नाव, आईचं नाव, जन्मतारीख, सोडलेली इयत्ता आणि वर्ष मागितलं, आणि ‘आज अर्ज, उद्या चारनंतर दाखला’ अशी पाटी लावली की मुख्याध्यापकाच्या खोलीतली गर्दी ओसरते. बाहेरगावाहून आलेल्याला त्याच दिवशी द्यावा. नाहीतर माणसं भांडतात, आणि त्यांचं बरोबरच असतं. बदली तासिकांचा इलाज याहून सोपा. रजेचा निरोप साडेनऊपर्यंत पर्यवेक्षकांकडे जायचा, मुख्याध्यापकाकडे नाही. प्रार्थनेच्या पंधरा मिनिटं आधी बदली तक्ता स्टाफरूममध्ये लागलेला हवा.

आता भिंतीवरचा तक्ता. सगळ्यात जास्त फायदा इथे झाला, म्हणून जरा सविस्तर.

शाळेतली बहुतेक ‘अत्यंत तातडीची’ पत्रं दरवर्षी ठरलेल्या महिन्यातच येतात. पत्र अचानक येतं, काम अचानक येत नाही. बारा रकान्यांचा तक्ता करून त्यात गेल्या वर्षीच्या आवक रजिस्टरवरून पत्रांचे विषय टाकले, की हे पहिल्याच संध्याकाळी लख्ख दिसतं. नियम एकच: तक्त्यावर शेवटची तारीख लिहायची नाही, काम सुरू करायची तारीख लिहायची.

उदाहरण 30 सप्टेंबरच्या पटाचं. संचमान्यता त्यावर, म्हणजे शिक्षकांची पदं त्यावर. पटावर मुलगा आहे पण आधार जुळत नाही, हा घोळ सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात काढायला बसलं की हात टेकावे लागतात. शाळेच्या नोंदीत एक स्पेलिंग, आधारवर दुसरं. किंवा जन्मतारखेत दिवस-महिना उलटा. दुरुस्तीला पालकाला आधार केंद्रावर जावं लागतं, त्याची मजुरी बुडते, तो पुढच्या आठवड्यावर ढकलतो. हे काम शाळेच्या हातात नाही, म्हणूनच ते सगळ्यात आधी सुरू व्हायला हवं. तक्त्यावर ते ऑगस्टच्या पहिल्या सोमवारी आहे: वर्गशिक्षकाने न जुळणाऱ्या नावांची यादी काढायची, पालकांना चिठ्ठी, दर शनिवारी यादीतली सुटलेली नावं कापायची.

नागपूरच्या तक्त्यावर आणखी काही गोष्टी येतात, ज्या पुण्या-मुंबईच्या छापील नियोजनात सापडत नाहीत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी लहान मुलांचा तान्हा पोळा आणि मारबतीच्या पुतळ्यांची मिरवणूक. त्या आठवड्यात घटक चाचणी ठेवू नये, हजेरी पडते. डिसेंबरात विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन. तारांकित प्रश्न, म्हणजे मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा प्रश्न, लागला की ‘आज दुपारी तीनपर्यंत’ अशी माहिती मागतात, आणि मोर्चे असले की सिव्हिल लाइन्सकडच्या कार्यालयात कागद पोचवून यायला अर्धा दिवस जातो. अधिवेशनाच्या काळात तक्त्यावर नवीन काहीही सुरू करू नये. फेब्रुवारीत शिष्यवृत्ती परीक्षा, दहावीच्या तोंडी-प्रात्यक्षिक परीक्षा, आणि शाळा केंद्र असेल तर केंद्रसंचालकाचं काम. मुख्याध्यापकाला तेव्हा स्वतःची शाळा दिसत नाही. त्यामुळे निरीक्षणाची शेवटची फेरी जानेवारीतच संपवलेली बरी.

तक्त्याच्या शेजारी एक पान टांगलेलं आहे. या सगळ्या मांडणीतलं एकच काही उचलायचं असेल तर हे पान उचला. त्यावर यू-डायसचा (शाळांच्या सरकारी माहितीसाठ्यातला) 11 अंकी क्रमांक, वर्गनिहाय पट मुलगे-मुली आणि प्रवर्गासह, दिव्यांग विद्यार्थी, मंजूर-कार्यरत-रिक्त पदं, खोल्या, मुलामुलींची स्वतंत्र स्वच्छतागृहं, चालू नळ, चालू आणि बंद संगणक, सीसीटीव्ही, अग्निशामक भरल्याची तारीख. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी लिपिक ते नव्याने काढतो, खाली तारीख टाकतो, सही होते. मग तातडीचं पत्र आलं की लिपिक पानावरून विहित नमुना भरतो आणि कागद सह्यांच्या फाइलीत जातो. मुख्याध्यापकाचा पाऊण तास दोन मिनिटांवर येतो. धोका फक्त शिळ्या पानाचा. ऑक्टोबरचा पट डिसेंबरच्या पत्रात गेला आणि त्याच आठवड्यात दुसरीकडे नवा आकडा गेला, तर खुलासा देण्यात वाचवलेला सगळा वेळ बुडतो. जुनं पान त्याच दिवशी फाडावं, फाइलला लावू नये. लावलं की कुणीतरी तेच उतरवतं.

एवढा वेळ सोडवून करायचं काय, तर पाठ निरीक्षण. मंगळवार, बुधवार, गुरुवारची तिसरी तासिका. पहिल्या दोन तासिका उशिरा येणाऱ्यांच्या आणि बदलीच्या गोंधळात जातात, मधल्या सुट्टीनंतर भेटायला येणारे सुरू होतात. तिसरीच काय ती शांत. फोन पर्यवेक्षकांकडे. पूर्ण चाळीस मिनिटं मागच्या बाकावर, आणि त्याच दिवशी त्या शिक्षकाच्या ऑफ तासात दहा मिनिटं बोलणं. आठवड्याचे एकूण अडीच तास. अठरा शिक्षकांची एक फेरी सहा आठवड्यांत होते. सणवार, सुट्ट्या आणि परीक्षा वजा केल्या तर वर्षात तीन फेऱ्या सहज.

व्हरांड्यातून राऊंड मारणं म्हणजे निरीक्षण, ही आपल्याकडची जुनी समजूत आहे. अमेरिकेतल्या मायामी-डेड भागातल्या सुमारे शंभर शाळांच्या 2013 च्या अभ्यासात उलटंच दिसलं: अशा धावत्या फेऱ्यांचा वेळ जिथे जास्त, तिथे मुलांची प्रगती कमी, शिक्षकाला बसवून मार्गदर्शन करण्यात वेळ जातो तिथे जास्त. धावती फेरी शिस्तीसाठी ठीक आहे, डाव्या पानावर ती ‘शै’ म्हणून लिहू नये. निरीक्षणाच्या लॉगबुकात दोनच गोष्टी लिहाव्यात: काय चालू ठेवायचं, आणि पुढच्या वेळी एक काय बदलायचं. सात सूचना लिहिल्या की शिक्षक सही करतो आणि एकही पाळत नाही. टाचण, म्हणजे शिक्षकाने पाठाआधी काढलेल्या नोंदी, तपासणं वेगळं काम आहे. ते निरीक्षणात घुसवलं की चाळीसपैकी पंधरा मिनिटं वहीत मान घालण्यात जातात.

हुकलेलं निरीक्षण त्याच आठवड्यातल्या शुक्रवारी तिसऱ्या तासिकेत जातं. तेही हुकलं तर ‘गळलं’ असं लिहून कारण टाकायचं आणि विसरायचं. थकबाकी साठवली की डिसेंबरात अकरा निरीक्षणं डोक्यावर बसतात आणि मग सगळाच उपक्रम बंद पडतो.

गूगल कॅलेंडरबद्दल थोडक्यात. एका नोंदीला पाच आठवणी आणि जास्तीत जास्त चार आठवडे आधीची आठवण लावता येते. वार्षिक कामांना 21 दिवस आणि 3 दिवस अशा दोन पुरतात. पर्यवेक्षक आणि लिपिकांबरोबर कॅलेंडर शेअर करता येतं, हा खरा फायदा. पण दरवर्षी आपोआप येणारी नोंद तिथीच्या सणांना लावू नये. पोळा पुढच्या वर्षी भलत्याच तारखेला दिसतो. रोजची कामंही त्यात टाकू नयेत. दिवसातून पंधरा वेळा मोबाइल किणकिणला की सोळाव्यांदा कुणी बघत नाही.

व्हॉट्सअ‍ॅप हा या पद्धतीचा खरा शत्रू. मेसेजला तारा लावून ठेवणं म्हणजे कामाची यादी, असं अनेक जण धरून चालतात. आठवड्यात साठ तारे होतात. लिपिकाने साडेअकरा, दोन आणि साडेचारला सगळे ग्रुप बघून पत्रं आवक रजिस्टरला चढवायची, मुख्याध्यापकाच्या फोनवर अधिकृत सूचनांचा एकच ग्रुप सुरू, बाकी कायमचे म्यूट. तरी सव्वाचारला येणारं ‘पाचपर्यंत’ अधूनमधून सुटतंच. त्याला इलाज सापडलेला नाही.

आठवड्याचं नियोजन शनिवारी, सकाळच्या शाळेच्या शेवटच्या तासिकेत, वीस मिनिटं. शाळा सुटल्यावर बसू म्हटलं तर शिपाई किल्ल्या वाजवत उभा राहतो.

कुणी घेऊ नये? द्विशिक्षकी शाळेच्या मुख्याध्यापकाने वही घेऊ नये. तो दिवसभर स्वतःच वर्गावर असतो. डावं पान भरायला त्याला फुरसत नाही आणि निरीक्षण करायला माणूस नाही. त्याच्यासाठी तक्ता आणि ते एक पान, बस. दोन पाळ्यांच्या शाळेतही अडचण येते. 2024-25 पासून चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवायचे नाहीत, त्यामुळे काही इमारतींत पाळ्या एकमेकींवर चढतात. तिथे डावी पानं दोन लागतात आणि तिसऱ्या तासिकेची शांतता मिळत नाही.

मार्चमध्ये उन्हामुळे सकाळची शाळा सुरू झाली तेव्हा वहीनेही दगा दिला. तासिका लहान झाल्या, वीस मिनिटांचे भाग जुळेनात, आणि पानं भरणं बंद पडलं. पुढच्या रजिस्टरची शेवटची चाळीस पानं आधीच सकाळच्या वेळापत्रकाप्रमाणे आखून ठेवावी लागतील. दुसरी दुरुस्ती तक्त्यात. तो शाळा उघडल्यावर लावला होता. विदर्भातल्या शाळा जूनच्या अखेरीस उघडतात, पण बाकी राज्यातल्या त्याआधीच सुरू झालेल्या असतात आणि पत्रंही तेव्हापासूनच सुटतात. तक्त्याची पहिली तारीख 16 जून धरायची, आणि त्या दिवसापासून एक लिपिक रोज अकरा ते एक ऑफिसात.