पेरू, कोकम की उसाचा रस? शरदातल्या ब्रंचला फसफसतं काय ठेवावं

दिवाळीनंतरचा पहिला रविवार आमच्या बेळगावातल्या टिळकवाडीच्या घरात ठरलेला असतो. खानापूरची आत्या, पणजीचे मामा-मामी, पुण्याची चुलत भावंडं अशी सगळी साडेदहा-अकराला जमतात. न्याहारी म्हणावी तर उशीर, जेवण म्हणावं तर लवकर. थालीपीठ-लोणी, आंबोळी, उकडलेली रताळी आणि शेवटी कुंदा. आठवडाभर फराळ खाऊन तोंड तुपकट झालेलं असतं. सकाळी गारवा असतो, अकरा वाजता ऊन चटकायला लागतं. त्या वेळी चहा नको वाटतो, काहीतरी गार, आंबटगोड आणि बुडबुड्यांचं हवं असतं. अर्ध्या मंडळींना त्यात वाइन चालते, अर्ध्यांना चालत नाही. गेली काही वर्षं मी पेरू, कोकम आणि उसाचा रस असे तिन्ही प्रकार करून पाहिले. तुम्हीही असाच बेत आखत असाल तर निवड कशी करावी ते सांगते.

उसाचं आधी उरकते. कार्तिकात आमच्याकडे ऊस दारात असतोच, तुळशीच्या लग्नाला लागतो, गळीत हंगामही सुरू होत असतो. त्यामुळे रसात सोडा किंवा वाइन घालायचा मोह होतो. पण रस काढल्यावर थोड्याच वेळात काळपट पडायला लागतो आणि चवही उतरते. लिंबू-आलं घालून थोडा वेळ मिळतो, तेवढाच. पाहुणे एकदम येत नाहीत, तासभर येत राहतात. सोडा घातला की रस पाणचट होतो, वाइन घातली तर गोडाचाच जोर राहतो. रसवंतीत उभं राहून प्यायला उसासारखं दुसरं काही नाही, पण ब्रंचसाठी मी तो बाद केला.

खरी लढत पेरू आणि कोकमाची आहे.

पेरू या ऋतूचं फळ. गुलाबी गराचा मिळाला तर तोच घ्या, रंगाने ग्लास खुलतो. व्हेनिसच्या हॅरीज बारमध्ये ज्युझेप्पे चिप्रियानी यांनी केलेलं बेलिनी नावाचं पेय जगभर ब्रंचला दिलं जातं. त्यात एक भाग पांढऱ्या पीचचा गर आणि दोन भाग फेसाळ वाइन असते. पीचच्या जागी पेरू घातला की आपलं शरदातलं पेय तयार. चार मोठे पेरू, साधारण 600 ग्रॅम, एक वाटी गार पाणी आणि एका लिंबाचा रस मिक्सरला थोडकाच फिरवा. फार फिरवलं तर बिया फुटून कडवटपणा उतरतो. मग आधी चाळणीने आणि नंतर मलमलच्या फडक्यातून गाळा. ही दुसरी गाळणी टाळू नका. पेरूच्या गरात बारीक, दगडासारख्या पेशी असतात, त्या जिभेवर रवाळ लागतात. शिवाय अशा प्रत्येक कणावर वायूचे बुडबुडे धरतात. पहिल्या वर्षी मी नुसत्या चाळणीवर भागवलं. वाइन ओतताच फेस उसळून टेबलक्लॉथवर आला आणि ग्लासात उरलेलं पेय दोन मिनिटांत मरगळलं. तेव्हापासून फडक्याशिवाय पेरू करत नाही.

पेरू शिजवून, जेलीसाठी काढतात तसा स्वच्छ रसही काढता येतो. तो दिसतो सुंदर आणि फेसही आवरतो. पण कच्च्या पेरूचा तो वास, फळ कापल्याबरोबर घरभर पसरणारा, शिजवण्यात जातो. मला तो वास गमवायचा नसतो, म्हणून कच्चाच गर.

वाइन घेताना बाटलीवर ब्रूट लिहिलेली घ्या. ब्रूटमध्ये लिटरला 12 ग्रॅमपर्यंत साखर असते, डेमी-सेकमध्ये 32 ते 50. पेरू गोड असतोच, डेमी-सेकने सरबत होतं. नाशिक भागात चांगली फेसाळ वाइन तयार होते, परदेशी बाटलीवर पैसे घालायची गरज नाही. एका ग्लासात 50 मिली गर आणि 100 मिली वाइन. गर आधी, वाइन नंतर, ग्लास तिरका धरून, दोन टप्प्यांत. चमचा एकदाच, खालून वर. 750 मिलीच्या बाटलीत सात ग्लास होतात. बाटलीत दाब पाच-सहा वातावरणांचा असतो, मोटारीच्या टायरच्या दुपटीहून जास्त. म्हणून तार सोडल्यापासून अंगठा बुचावरून काढू नका, बूच घट्ट धरून बाटली फिरवा. आदल्या रात्रीपासून फ्रीजमध्ये ठेवलेली बाटली शांतपणे उघडते. कोमट बाटलीतली अर्धी वाइन फेसातच जाते.

मामा दरवेळी विचारतात, फेणी आणू का? मी नको म्हणते. फेणी 40 टक्क्यांच्या वर असते, वाइन 12 टक्क्यांच्या आसपास. सकाळच्या पेयात तेवढी तीव्रता नको आणि तिच्या वासापुढे पेरू कुठल्या कुठे जातो. गोव्याची दारू सीमेपलीकडे आणताना अबकारीचे नियम आडवे येतात ते वेगळंच. तुमचा बेत 2 ऑक्टोबरच्या आसपास असेल तर वाइन आधीच आणून ठेवा, गांधी जयंतीला दुकानं बंद असतात.

आता कोकम. फळ उन्हाळ्याचं, पण आमसुलं वर्षभर असतात. आमच्याकडे ती सावंतवाडीहून आंबोली घाट चढून येतात. पंधरा-वीस आमसुलं दोन वाट्या कोमट पाण्यात तीन तास भिजवा, कुस्करा, गाळा आणि वाटीभर साखर घालून पाच-सात मिनिटं उकळा. आगळ वापरू नका, त्यात मीठ फार. गुळाने चव छान येते पण रंग मळतो, आणि कोकमाचा तो माणकासारखा लाल रंग हीच अर्धी मजा आहे. 40 मिली पाक, 120 मिली गार सोडा. जिरेपूड आणि सैंधव पाकातच मिसळा. वरून कोरडं टाकलं की सोडा उसळून ग्लासाबाहेर येतो, तेच कणांचं कारण.

सोड्याबरोबर कोकम पेरूपेक्षा कितीतरी सरस आहे. थालीपीठ-लोण्याचा तेलकटपणा असा धुऊन काढतं की दुसरं थालीपीठ आपोआप पानात येतं. पाक फ्रीजमध्ये आठवडाभर टिकतो, पेरूचा गर त्याच दिवशी संपवावा लागतो. पण कोकमात ब्रूट घातली तर आंबटावर आंबट होतं. साखर वाढवून तोल साधला तरी वाइनची चव हरवते. मग ती घालायची कशाला?

म्हणजे सगळेच वाइन घेणारे असतील तर पेरू, कोणीच घेणारं नसेल तर कोकम, यात मला शंका नाही. पंगत मिश्र असेल तर? पूर्वी मी दोन्ही करायचे. वाइनवाल्यांच्या हाती उंच ग्लासात पेरू, आत्याच्या हाती स्टीलच्या पेल्यात कोकम. एकदा ती पेला घेऊन स्वयंपाकघरात जाऊन बसली. बोलली काहीच नाही. पण बाहेर सगळे ग्लास उंचावत होते आणि ती आत एकटी होती, हे मला फार लागलं.

म्हणून मिश्र पंगतीला मी पेरूच करते, सगळ्यांना एकाच आकाराच्या ग्लासात. नुसत्या सोड्यात पेरू मिळमिळीत लागतो, म्हणून त्या ग्लासांत लिंबू थोडं जास्त, आल्याच्या रसाचे चार थेंब आणि चिमूटभर सैंधव, गरातच ढवळून. कोकमाइतकं ते चांगलं होत नाही, हे मान्य. पण दिसतं अगदी वाइनच्या ग्लासासारखं.

सारखं दिसतं म्हणूनच खूण हवी. वाइनच्या ग्लासाला कडेला पेरूची फोड, सोड्याच्या ग्लासात पुदिन्याचं पान. मुलांना ही खूण आधी दाखवून ठेवते. ज्यांना परत चोर्ला किंवा आंबोली घाटातून गाडी चालवत जायचंय त्यांना पुदिनाच, मग ते मामा का असेनात.

कोकमाचा पाक मात्र मी तरीही करून ठेवते. कुंदा खाऊन झाल्यावर दोन वाजता आत्या स्वतःच विचारते, "कोकम आहे का गं?"