मनी ॲप: किराणा दुकानाच्या गल्ल्यावर वापरून बघितलं, पाचपैकी चार

ज्यांच्या घरात कोणाला दिसत नाही किंवा अगदी कमी दिसतं त्यांच्यासाठी मुख्यतः लिहितेय, पण बाकीच्यांनी पण वाचा, कारण काउंटरच्या पलीकडून नोट देणारे तुम्हीच असता. ॲपचं नाव मनी, म्हणजे मोबाईल एडेड नोट आयडेंटिफायर. रिझर्व्ह बँकेचं आहे, १ जानेवारी २०२० ला आलं, फुकट आहे, अँड्रॉइड आणि आयफोन दोन्हीवर चालतं. कॅमेऱ्यासमोर नोट धरायची, ते कितीची आहे ते बोलून सांगतं. एवढंच काम आहे त्याचं, पण ते एवढंच काम आमच्या घरात किती मोठं आहे ते सांगते.

आमचं नाशिकरोडला छोटं किराणा दुकान आहे आणि गल्ल्यावर दादा बसतो. डोळ्यांच्या आजाराने त्याची नजर हळूहळू गेली, आता उजेड आणि अंधार एवढंच कळतं. कुठल्या फळीवर काय आहे ते त्याला पाठ आहे, तोंडी हिशोब तर त्याच्याइतका फास्ट आमच्यात कोणालाच जमत नाही, काट्यावर मी नाहीतर वहिनी उभी राहते. अडायचं ते नोटेपाशी. गिऱ्हाईकाने नोट हातात दिली की "कितीची दिली काका?" असं विचारायला लागायचं, आणि नाशिकरोडची माणसं चांगली आहेत, बहुतेक सगळे खरंच सांगतात, पण स्वतःच्या गल्ल्यावर बसून दर वेळी समोरच्याच्या शब्दावर चालायचं हे दादाला आतून लागायचं. त्यातून आमच्याकडे करन्सी नोट प्रेसची माणसं पण सामानाला येतात. नोटा इथेच आमच्या गावात छापल्या जातात आणि दादाला त्या हातात घेऊन ओळखता येत नव्हत्या, याचं मला खूप वाईट वाटायचं.

आता लोक म्हणतात हाताने कळत नाही का, प्रत्येक नोटेची साइज वेगळी असते की. असते ना, पण जरा पट्टी घेऊन मोजून बघा. नवीन शंभर १४२ मिलिमीटर लांब, दोनशे १४६, पाचशे १५०, रुंदी तिघींची ६६. म्हणजे एका नोटेत आणि पुढच्या नोटेत चार मिलिमीटरचा फरक, तो पण नोट कडक असेल आणि शेजारी दुसरी धरायला असेल तर. शिवाय शंभरपर्यंतच्या जुन्या नोटा बंद झालेल्या नाहीत, त्या पण गल्ल्यात येतातच. जुनं शंभर १५७ मिलिमीटर, म्हणजे नवीन पाचशेपेक्षा मोठं! जुनी वीसची नोट १४७, नवीन दोनशेपेक्षा एका मिलिमीटरने लांब. जुनी दहाची १३७ आणि नवीन पन्नासची १३५. मोठी नोट म्हणजे जास्त पैसे हा हिशोब २०१६ च्या नोटाबंदीनंतर पार कोलमडला. नॅबने, म्हणजे अंधांसाठी काम करणाऱ्या नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड या संस्थेने, याच्यावर मुंबई हायकोर्टात याचिका केली होती, आणि २०१९ मध्ये कोर्टानेच रिझर्व्ह बँकेला विचारलं होतं की नोटांचा आकार सारखा का बदलता.

शंभर आणि त्याच्या वरच्या नोटांवर उठावाच्या खुणा आहेत, दोन्ही कडांना तिरक्या रेघा, शंभरला चार, पाचशेला पाच, आणि दोनशेला चार रेघा नि मध्ये दोन गोल. दादा अंगठ्याचं नख त्या कडेवरून वरून खाली नेतो आणि रेघा मोजतो, कोरी नोट असेल तर पटकन सांगतो. पण आपल्याकडे नोट किती हातांतून जाते, घामाने, तेलाने, खिशात चुरगळून त्या रेघा अशा बसतात की शंभर आणि दोनशेत काही फरक उरत नाही. आणि दहा, वीस, पन्नासच्या नवीन नोटांवर तर असल्या खुणाच नाहीत, किराण्यात सगळ्यात जास्त फिरतात त्याच.

इथे हे ॲप खरंच कामाला येतं. दादा टॉकबॅक वापरतो, म्हणजे स्क्रीनवर बोट फिरवलं की फोन वाचून दाखवतो, डबल टॅप केलं की ते उघडतं. मनी उघडलं की नोट काउंटरवर ठेवायची, फोन वीतभर वर धरायचा, बास, ते आकडा सांगतं. पुढची मागची कुठलीही बाजू चालते, अर्धी घडी घातलेली नोट पण ओळखतं. एकदा इन्स्टॉल झालं की इंटरनेट लागत नाही, हे मला सगळ्यात आवडलं, कारण दुकानात आत रेंजचा भरवसा नाही. आवाज नको असेल तर व्हायब्रेशनवर पण सांगतं, ज्यांना दिसतही नाही आणि ऐकूही येत नाही त्यांच्यासाठी ही सोय फार मोलाची आहे आणि ती पहिल्यापासून दिलीय याचं कौतुक करायलाच पाहिजे. दादाने आवाज हिंदीत ठेवलाय आणि एका कानात इअरफोन घालतो, म्हणजे नोट कितीची ते फक्त त्याला कळतं.

पण संध्याकाळी गर्दी असते, दूध ब्रेड घ्यायला पाच जण उभे असतात, तेव्हा प्रत्येक नोट कॅमेऱ्याखाली धरणं शक्य नाही, कोणतंही ॲप असो. तेव्हा दादा आधी बोटाने बघतो, शंका आली तरच फोन काढतो. आणि गर्दीत खरा आधार आहे तो क्यूआर कोडच्या स्पीकरचा. तो काही अंध माणसांसाठी म्हणून बनवलेला नाही, पण पैसे जमा झाले की रक्कम मोठ्याने बोलतो, कोणाच्या मोबाईलमध्ये डोकवायला लागत नाही. दुकानदार अंध असेल तर माझं मत, आधी स्पीकर घ्या आणि सोबत मनी टाका. रात्री गल्ला मोजताना मात्र मनीला तोड नाही, दादा दार ओढून निवांत बसतो, एकेक नोट बघून गठ्ठे लावतो, आता मला बोलवत पण नाही.

एक गुण कापला तो का, ते पण सांगते. ॲप नोट खरी की खोटी ते सांगत नाही, रिझर्व्ह बँकेने हे स्वतःच स्पष्ट केलंय, त्यामुळे पाचशेची नोट असेल तर दादा अजूनही आम्हाला हाक मारतो. आणि हे नोटांचं ॲप आहे, नाण्यांना उपयोग नाही. नाण्यांत २०१९ ला आलेलं वीसचं नाणं चांगलं आहे, बारा कोनी, बोटाला लगेच कळतं, पण जुनी एक आणि दोनची नाणी इतक्या प्रकारची आहेत की चिल्लर मोजायला आम्हीच बसतो.

फोन घ्यायला गेलो तेव्हाचं एक सांगायचंच आहे, दुकानाचं नाव लिहीत नाही. काउंटरवरचा मुलगा सगळा वेळ मलाच विचारत होता, यांना काय लागतं, यांना टच फोन जमेल का, आणि दादा माझ्या शेजारी उभा. शेवटी दादानेच फोन हातात घेतला, आवाज वाढवायचं आणि कमी करायचं दोन्ही बटणं तीन सेकंद दाबून टॉकबॅक चालू केला आणि त्याला वापरून दाखवला. अहो, माणूस समोर उभा आहे, त्यालाच विचारा ना!

इन्स्टॉल करताना ॲपच्या नावाखाली रिझर्व्ह बँकेचं नाव आहे ना ते एकदा बघून घ्या, मिळत्याजुळत्या नावाची दुसरी कुठली ॲपं टाकू नका. उजेड बऱ्यापैकी पाहिजे, आमच्याकडे गल्ल्यावर ट्यूबलाइट सरकवून घेतली. नोट ठेवायची जागा एकच ठरवा, खाली साधा एकरंगी कागद चिकटवा, त्याच्या कडेला बोट लागलं की फोन कुठे धरायचा ते हाताला समजतं. आणि पहिले काही दिवस घरीच सराव करू द्या, गिऱ्हाईक समोर असताना नको. जुनी दहा नि नवीन पन्नास, जुनं शंभर नि नवीन पाचशे अशा जोड्या काढून द्या, कारण घोटाळा होतो तो त्यांच्यातच.